पावती क्रमांक सत्तेचाळीस

आजव्याचं पाणी सोडलं, असं रेडिओ म्हणाला
आणि मग रेडिओच गप्प झाला.
पहाटे विश्वामित्री
कारेलीबागेत आमच्या लिफ्टमध्ये शिरली,
बटण न दाबता वर आली,
सहाव्या पायरीशी थांबली.

मी पायऱ्या मोजत होते.
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं आकडे ऐकले,
सवय जात नाही.
एक पायरी : सात इंच.
फ्रिजमधला बर्फ : एक रात्र.
इन्शुलिन : तळाला चार रेघा.
मुलगी : सुरतेला. फोन : मेलेला.

खाली देसाईंच्या बुडालेल्या गाडीच्या टपावर
मगर हनुवटी टेकून होती.
बडोद्याला मगरीचं नवल नाही,
पण हिच्या डोळ्यांत
पत्ता चुकल्यासारखं काहीतरी.
दोन दिवस आम्ही एकमेकींकडे बघत होतो.

तिसऱ्या दिवशी थाळ्यांचा आवाज.
गल्लीच्या तोंडाशी तराफा :
खाली ट्रॅक्टरच्या ट्यूबा, वर मांडवाच्या फळ्या,
कडेला थर्माकोलचे खांब
अर्धे सोनेरी, अर्धे रंगवायचे राहिलेले.
यंदाचं मखर.
मी ओळखलंच.
ह्याच मंडळाविरुद्ध गेल्या वर्षी
पोलिसांत अर्ज दिला होता मी,
दोन पानी, सुवाच्य अक्षरात,
रात्री किती वाजता किती आवाज, तक्त्यासकट.

पुढे ओजस शितोळे, थाळी बडवत
मगरीला गुजरातीत समजावत होता :
"खस ने बेन, जरा खस ने."
ती खसली. मला आजवर असं जमलं नाही कुणाला सांगायला.
मागे धृती परमार, नर्सिंगचं दुसरं वर्ष,
मांडीत प्रेशर कुकर.
कुकरात बर्फ, बर्फात बाटल्या,
झाकणाची रबर घट्ट, पाणी आत जाणार नाही.
ही अक्कल सुफियानच्या आईची,
असं सुफियानने बांबू रेटता रेटता
दोनदा सांगितलं.

धृतीने प्लॅस्टिकच्या पिशवीतून
मंडळाचं पावतीपुस्तक काढलं.
वर गणपतीचं चित्र, तसंच.
"वर्गणी" शब्दावर काट, वर पेनाने "गरज".
एकतीस : दिवस भरलेत, दवाखान्यात पोचवणे.
अडतीस : कानाच्या मशीनचा सेल.
चव्वेचाळीस : वॉचमनची पोरं, दूध.
सत्तेचाळीस : श्रीमती सौदामिनी खानविलकर.
रुपये अक्षरी, त्या ओळीवर :
इन्शुलिन दोन.

"माझं नाव कुणी दिलं तुम्हाला?"
मी विचारलं, एक्स्चेंजमधल्या आवाजात.
ओजस थाळीकडे बघू लागला.
"तुमचा अर्ज, काकी.
चौकीतून मंडळाला कॉपी आली होती.
शेवटच्या ओळीत होतं,
मी मधुमेही असून एकटी राहते."

मी लिहिलं होतं ते.
वजन पडावं म्हणून लिहिलं होतं.

धृतीने सुई भरली. तिचे हात थंडीने थरथरत होते,
बोटांची कातडी पांढरी, धुणं धुतल्यासारखी,
तरी टोचलं ते कळलंही नाही.
मी पाचशेची नोट काढली, ओली,
तिने ती माझ्याच खिडकीच्या गजावर वाळत घातली.
चार थेपले, आंब्याचं लोणचं, एक मेणबत्ती.
"काडेपेटी आहे ना?"
आहे म्हटलं. नव्हती.
अजून एक काम त्यांच्यावर टाकवेना.

मग अठ्ठेचाळीस. कोपऱ्यावरून वळताना
खांबाचा एक सोनेरी तुकडा निखळला
आणि तरंगत मगरीपाशी गेला.
तिने हुंगला, सोडून दिला.

पाणी उतरलं, चिखल राहिला.
गणपती बसले त्या वर्षी एका साध्या पाटावर,
मागे कुणाच्या तरी घरची चादर.
रात्री दहा वाजले, अकरा वाजले,
मी गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते,
कान देऊन.
स्पीकर बुडाले होते त्यांचे.
काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.